चाकावरचं घर आणि बॅटरीवरची चूल



आज इतिहास सांगणार आहे, पण राजा-राणीचा नाही. बॅटरीचा आणि चुलीचा. सुरुवात मात्र आमच्या गावातून करते, कारण हा इतिहास मी धुंडाळला तो आमच्या एका फजितीमुळे.

आमच्या बचत गटाने गेल्या वर्षी एक जुना टेम्पो घेतला. जत्रेला आणि आठवडी बाजाराला जायचं, थालीपीठ आणि चहा विकायचा, असा बेत होता. टेम्पोत मागे फळ्या ठोकल्या, ओटा केला, भांड्यांना कप्पे केले. गाडीत गॅस नको, धोक्याचा असतो, असं दुकानदार म्हणाला. त्याने दोन बॅटऱ्या, एक मोठा इन्व्हर्टर आणि दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी आमच्या गळ्यात मारली. सगळे मिळून ४६ हजार रुपये, तेही गटाच्या कर्जातून. "दिवसभर चालेल, ताई," असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.

माघातल्या जत्रेत सकाळी नऊला पहिलं थालीपीठ तव्यावर पडलं. पावणेदहाला इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि शेगडी बंद. परातीत भिजवलेलं पीठ तसंच, आणि समोर गिऱ्हाईक उभं. शेवटी कुणाच्या तरी घरून रॉकेलचा जुना स्टोव्ह मागून आणला. पुढच्या दोन-तीन बाजारांतही तेच. मग बॅटऱ्या पार बसल्या. दुकानात विचारायला गेलो, तर तो म्हणाला, "तुम्हाला वापरता आली नाही. यातलं बायकांना काय कळतंय!" आमच्या गटातल्या थोरल्या बाईंना आम्ही आक्का म्हणतो. त्या कुणाचं ऐकून घेणाऱ्या नाहीत, पण त्या दिवशी गप्प परत आल्या. घरी येताना एवढंच म्हणाल्या, "चुकलं ते आपलंच का गं?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. गाडीत संसार थाटून घरातली यंत्रं बॅटरीवर चालवायची, हा खटाटोप जगात आपल्या आधी कोणी केला असेल? त्यांचं काय झालं? शोधायला लागले तर कळलं, की इंग्लंड-अमेरिकेत मोठमोठ्या लोकांनी यात शंभरावर वर्षं घालवलीत. आणि ज्या जागी आमचा टेम्पो अडला, नेमक्या त्याच जागी तेही अडले होते.

चाकावरचं घर तसं आपल्याला नवं नाही. आपल्याकडची ऊसतोडीला जाणारी बाई दरसाल दिवाळीनंतर भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या आणि लेकरं गाडीत घालून निघते. पोटासाठी निघते. हौसेने चाकावरचं घर बांधून फिरायला निघालेल्यांत एक नाव फार घेतलं जातं, ते डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांचं. हे स्कॉटलंडचे, आधी लढाऊ जहाजांवर डॉक्टर होते, मग लेखक झाले. १८८५ साली त्यांनी 'वाँडरर' म्हणजे 'भटक्या' नावाची लाकडी गाडी बांधून घेतली. सुमारे दोन टन वजन, ओढायला दोन घोडे. दक्षिण इंग्लंडातल्या आपल्या गावाहून ते थेट स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. गाडीत पुस्तकांचं कपाट होतं, सोबत कुत्रा आणि पोपट होता. स्वयंपाक व्हायचा तो तेलाच्या शेगडीवर. विजेचा पत्ता नव्हता.

पण बॅटरी तेव्हा जगात होती बरं का. १८०० साली इटलीतल्या व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञाने जस्ताच्या आणि तांब्याच्या चकत्यांची चवड रचली, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी ठेवली आणि त्यातून सलग वाहणारी वीज मिळवली. आपण बॅटरीवर 'व्होल्ट' वाचतो तो शब्द त्याच्याच नावावरून आला. ती चवड संपली की संपली, पुन्हा भरता येत नसे. पुन्हा भरता येणारी बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी केली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड, त्यांची गुंडाळी करून गंधकाच्या ॲसिडात बुडवली. १८८१ साली कामीय फोर यांनी शिशावर लेप द्यायची युक्ती काढली आणि त्याच बॅटरीत जास्त वीज मावायला लागली. आज आपल्या ट्रॅक्टरमध्ये आणि इन्व्हर्टरखाली जी जड बॅटरी असते, ती याच घराण्यातली. दीडशे वर्षांत तिचा डबा बदलला, आतलं शिसं आणि ॲसिड तेच राहिलं.

बॅटरी म्हणजे विजेचा रांजण. व्होल्ट म्हणजे रांजण किती उंचावर ठेवलाय ते, म्हणजे धारेला किती जोर ते. बॅटरीवर १५० एएच असं लिहिलेलं असतं, ते रांजणात किती पाणी मावतं ते. दोन्हींचा गुणाकार केला की साठा कळतो. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. हजार वॅट-तासांचं एक युनिट. आपल्या लाइट बिलावर असतं तेच हे युनिट. म्हणजे एक बॅटरी भरली की पावणेदोन युनिटांच्या जरा वर, बस्स.

पण या रांजणाच्या दोन खोडी आहेत. पहिली, शिशाच्या बॅटरीचा साठा पुन:पुन्हा तळापर्यंत उपसला, तर ती लवकर मरते. निम्म्यावर थांबावं. दुसरी खोड १८९७ साली जर्मनीच्या पॉयकर्ट या शास्त्रज्ञाने सूत्रात मांडून दाखवली. बॅटरीतून वीज जितक्या घाईने ओढावी, तितकी ती एकूणच कमी देते. बॅटरीवर लिहिलेला आकडा बहुधा वीस तासांत हळूहळू रिकामी करायच्या हिशोबाचा असतो. तासाभरात उपसायला गेलात तर तेवढं हाती येत नाही. आक्का हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे म्हशीसारखंच की. घाईने पिळलं तर आखडून धरती."

आता गाडीकडे येऊ. सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. हँडल उलटं फिरलं तर हात मोडायचा. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाचे इंजिनियर होते. ते आधी दुकानातल्या पैसे मोजायच्या यंत्रावर काम करत. त्या यंत्राचा गल्ला उघडायला एक लहान मोटर क्षणभर जोर लावी. तेच त्यांनी गाडीला लावलं. मोटरने पाच-दहा सेकंद मोठा जोर लावला की पुरे, पुढे इंजिन आपलं आपण चालतं, आणि चालता चालता बॅटरी पुन्हा भरतं. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत हा सेल्फ-स्टार्टर आला. हँडल मारायची ताकद लागेनाशी झाली आणि बायकांना गाडी चालवणं सोपं झालं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गाडीची बॅटरी तेव्हापासून क्षणभराच्या धक्क्यासाठी घडत आली. तिच्यातले शिशाचे पत्रे पातळ आणि पुष्कळ असतात. धक्का मोठा देते, पण तासन् तास थोडं थोडं देत राहणं हा तिचा स्वभाव नाही. त्यासाठी जाड पत्र्यांची किंवा नळ्यांची बॅटरी लागते, जिला दुकानात ट्यूब्युलर म्हणतात. आमच्या टेम्पोत बसवलेल्या दोन्ही बॅटऱ्या ट्रकच्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

तुमच्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या बायकांना हे आपल्या अंगणातूनही आठवेल. १९८७-८८ साली दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं. आमच्या वस्तीवर वीज नव्हती. एका घरी बारा व्होल्टवर चालणारा काळा-पांढरा टीव्ही होता. रविवारी ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याला जोडायची. अख्खी वस्ती अंघोळ करून, हात जोडून समोर बसायची. एखाद्या रविवारी रामायण झाल्यावर पुढचे कार्यक्रमही पाहत बसलो, की सोमवारी ट्रॅक्टर चालू व्हायचा नाही. मग दहा जण ढकलायला. माझी आई म्हणायची, "रामाने लंका जिंकली आणि आपलं नांगट राहिलं." एकाच रांजणातून घरानेही प्यायचं आणि बैलानेही, म्हणजे कुणीतरी तहानलेलं राहणारच.

पुन्हा केटरिंग यांच्याकडे जाऊ. ते ओहायोतल्या शेतकऱ्याच्या घरी वाढलेले. अमेरिकेत शहरांत वीज आली तरी शेतावरची घरं अंधारातच होती, कारण लांबवर तारा ओढणं वीज कंपन्यांना परवडत नव्हतं. १९१६ साली केटरिंग यांच्या कंपनीने 'डेल्को-लाइट' नावाचा संच बाजारात आणला. एक लहान इंजिन, त्याला जोडलेला जनरेटर आणि काचेच्या बरण्यांतल्या सोळा बॅटऱ्या. दोन दोन व्होल्टच्या सोळा, म्हणजे बत्तीस व्होल्ट. इंजिन काही तास चालवून बॅटऱ्या भरायच्या आणि मग रात्री आवाज न करता दिवे. या बत्तीस व्होल्टवर चालणारी घरची यंत्रंही निघाली: धुण्याचं यंत्र, इस्त्री, पंखा, पाण्याचा पंप, दुधावरची साय काढायचं यंत्र. विहिरीवरून पाणी वाहणाऱ्या आणि पाट्यावर धुणं घासणाऱ्या शेतकरणीला हे केवढं वाटलं असेल, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. १९३०च्या सुमारास पवनचक्कीवर बॅटरी भरायचीही पद्धत आली. वाऱ्यावर भरलेल्या बॅटरीवर शेतघरात रेडिओ ऐकू यायला लागला.

तरीही या घरांत एक जागा तशीच राहिली. ती म्हणजे चूल. दिवा, रेडिओ, पंखा, धुण्याचं यंत्र बॅटरीवर आलं. स्वयंपाक लाकडावर, कोळशावर, रॉकेलवर किंवा गॅसवरच राहिला. इस्त्रीसारखं जड काम इंजिन चालू असतानाच उरकलेलं बरं असायचं, नाहीतर रात्रीचा उजेड इस्त्री खाऊन टाकायची. पुढे १९३५ साली रुझवेल्ट सरकारने खेड्यांत वीज नेण्यासाठी खास खातं काढलं. तेव्हा तिथल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात तारेची वीज होती. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या, तारा ओढल्या, आणि मग कुठे विजेची शेगडी शेतघरात आली.

कारण काय? उजेड करायला, पाते फिरवायला, आवाज वाजवायला वीज थोडी लागते. पण काहीही तापवायचं म्हटलं की वीज पाण्यासारखी ओतावी लागते. नऊ वॅटचा एलईडी बल्ब पाच तास लावला तर ४५ वॅट-तास गेले. दोन हजार वॅटची शेगडी तेवढे ४५ वॅट-तास सव्वा-दीड मिनिटात खाते. दिवाभर उजेड आणि चहाभर आच यांत एवढं अंतर आहे. रांजणातल्या पाण्याने तहान भागते, शेत भिजत नाही.

चाकावरच्या घरांनाही हाच नियम लागला. १९२०च्या पुढे अमेरिकेत मोटारी वाढल्या, लोक गाडीमागे छोटं घर जोडून हिंडायला लागले. त्यातलं एअरस्ट्रीम हे नाव आजही प्रसिद्ध आहे. त्याचे संस्थापक वॉली बायम. त्यांची बायको मॅरियन. तिने नवऱ्याला ठणकावून सांगितलं, की स्वयंपाकघर बरोबर असल्याशिवाय मी बाहेर मुक्कामाला येणार नाही. मग नवऱ्याने गाडीच्या सांगाड्यावर आधी तंबू उभारला, मग हळूहळू पुरतं घर बांधलं. त्यातून कंपनी उभी राहिली. मला ही गोष्ट फार आवडते. एका बाईने स्वयंपाकघरासाठी हट्ट धरला आणि त्यातून एवढा मोठा धंदा निघाला. १९३६ साली त्यांची अ‍ॅल्युमिनियमची 'क्लिपर' गाडी आली. तिच्यात विजेचे दिवे होते, पाण्याची सोय होती. पुढे १९५९ साली बायम यांनी चाळीसेक गाड्यांचा तांडा आफ्रिकेत केपटाउनपासून थेट कैरोपर्यंत नेला.

मग फिरत्या घरात फ्रिज कसा चालवायचा? याचं उत्तर स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी दिलं होतं. प्लाटेन आणि मुंटर्स अशी त्यांची नावं. १९२२ साली त्यांनी असा फ्रिज केला, की ज्यात मोटरच नाही. खाली एक लहान ज्योत जळते, तिच्या उष्णतेने आतल्या नळ्यांतला अमोनिया फिरतो आणि वर थंडावा होतो. विस्तवावर चालणारा फ्रिज! ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे. फिरत्या घरांमध्ये हा फ्रिज पुढे अनेक वर्षं टिकला, कारण त्याने बॅटरीवरचा मोठा भार काढून गॅसवर टाकला.

इंजिन आणि घर एकाच गाडीत असलेली, म्हणजे खरी मोटारघरं, दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली. १९५१ साली जर्मनीच्या वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसवायचा घरसंसाराचा पेटारा काढला. अमेरिकेत मिशिगनमधल्या रेमंड फ्रँक यांनी आधी आपल्याच घरच्यांसाठी तशी गाडी बांधली आणि १९६०च्या सुरुवातीला ती विकायला काढली. १९६६ पासून आयोवा राज्यातली विनेबागो कंपनी मोटारघरं बनवायला लागली आणि साध्या कुटुंबांच्याही ती आवाक्यात आली.

या मोटारघरांत एक रीत पक्की झाली, ती आपण शिकण्यासारखी आहे. बॅटऱ्या दोन प्रकारच्या. एक गाडीची, इंजिन सुरू करायला. दुसरी घराची, जाड पत्र्यांची, दिव्याला आणि पंपाला. दोघींच्या मध्ये असा स्विच, की गाडी चालताना दोन्ही भरतात, पण गाडी थांबल्यावर घराने कितीही वापरलं तरी गाडीची बॅटरी संपत नाही. आमच्या वस्तीवर हे ठाऊक असतं, तर सोमवारी ट्रॅक्टर ढकलावा लागला नसता.

कामाची वाटणीही ठरलेली. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, रेडिओ बॅटरीवर. शेगडी आणि फ्रिज गॅसवर. मुक्कामाच्या ठिकाणी विजेचा खांब मिळाला, की त्याला वायर जोडून बाकीची यंत्रं. खांब नसेल तर जनरेटर, आणि त्याचा आवाज शेजाऱ्यांना. पुढे लहान, स्वस्त इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीची सरळ वाहणारी वीज घरच्या यंत्रांना लागते तशी मागे-पुढे हलणारी करून देणारा डबा. तो वीज तयार करत नाही. उलट रूपांतर करताना थोडी स्वतः खातो. पण त्याच्यामुळे मिक्सर, टीव्ही आणि मायक्रोवेव्हसुद्धा मोटारघरात चालायला लागले. मायक्रोवेव्ह कसा चालला? तो पाच मिनिटांत थांबतो म्हणून. यंत्र किती वॅटचं आहे एवढंच पाहून भागत नाही, ते किती वेळ चालणार हेही पाहावं लागतं.

शेवटचा बदल अलीकडचा. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने उन्हापासून वीज करणारी सिलिकॉनची चकती दाखवली. तीच पुढे मोटारघरांच्या टपावर चढली. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियमची भरता येणारी बॅटरी बाजारात आणली, आपल्या मोबाइलमध्ये असते तिची थोरली बहीण. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि त्यांच्याबरोबरच्या पाढी व नंजुंडस्वामी या संशोधकांनी लोह आणि फॉस्फेट वापरून लिथियम बॅटरीचा आणखी एक मार्ग दाखवला. ही बॅटरी आगीच्या बाबतीत जास्त सुरक्षित, वजनाला हलकी, जवळजवळ तळापर्यंत उपसली तरी चालते, आणि घाईने ओढलं तरी फार आखडत नाही. लिथियम बॅटरीच्या कामासाठी गुडइनफ यांना २०१९ चं नोबेल मिळालं, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या दोघांसोबत. आज परदेशातल्या काही मोटारघरांत गॅस मुळीच नसतो. दहा युनिटांचा लिथियम साठा, टपावर सौर पॅनेल आणि ओट्यावर इंडक्शन. व्होल्टाच्या चवडीपासून दोनशे वर्षांनी चूल बॅटरीवर आली. घरातल्या सगळ्या यंत्रांत ती शेवटची आली.

आता आमच्या टेम्पोचा हिशोब करू. दोन बॅटऱ्या, प्रत्येकी १२ व्होल्ट १५० एएच. एकूण साठा ३.६ युनिट. निम्मा वापरायचा, म्हणजे १.८. घाईने उपसल्याची आणि इन्व्हर्टरची तूट काढली, तर हाती दीड युनिट. शेगडी दोन हजार वॅटची, म्हणजे तासाला दोन युनिट. दीड युनिटाला दोनने भागलं की पाऊण तास. नऊला सुरू केलं, पावणेदहाला बंद! मी हा हिशोब वहीवर मांडून आक्कांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा बोट ठेवून वाचला. जत्रेत चार तास शेगडी लावायची, म्हणजे आठ युनिटांची गरज. विकणाऱ्याने दिला दीड युनिटाचा साठा. यात वापरणाऱ्याचं काय चुकलं?

आणि गॅस किती देतो ते पाहा. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. म्हणजे आमच्यासारख्या शंभर बॅटऱ्यांचा भरलेला साठा. निम्मी आच वाया गेली असं धरलं, तरी पन्नास. एकेका बॅटरीचं वजन पन्नास किलोच्या आसपास. ते सगळं एका सिलिंडरशी तोलून बघा. म्हणूनच मॅरियन बायमच्या काळापासून फिरत्या घरातली चूल आचेवर राहिली. ते लोक अडाणी नव्हते, त्यांना हिशोब ठाऊक होता.

आता आमच्या टेम्पोत शेगडी गॅसची आहे, धंद्याच्या सिलिंडरवर. सिलिंडर वेगळ्या कप्प्यात, बाहेरून उघडणाऱ्या दाराचा, उभा आणि पट्ट्याने आवळलेला. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून कप्प्याच्या तळाला हवेची भोकं. रबरी नळी दर महिन्याला साबणाचं पाणी लावून बघतो. बॅटरी एकच, ट्यूब्युलर. तिच्यावर चार एलईडी दिवे, चटणीचा मिक्सर आणि मोबाइलचं चार्जिंग. साडेसातशे वॅटचा मिक्सर दिवसातून दहा मिनिटं चालतो, म्हणजे १२५ वॅट-तास. दिव्यांचे दोनशेच्या आत. सांजेला बाजार उठतो तेव्हा बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असते. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून तिला सिलिंडरच्या कप्प्यात ठेवत नाही, आणि तिच्या जागेलाही खिडकी ठेवलीय.

मैत्रिणींनो, उद्या तुमच्या गटात कुणी इन्व्हर्टर, सौर संच, बॅटरीवरची गिरणी किंवा शेगडी घ्यायचं म्हणालं, तर दुकानात चार गोष्टी विचारा. यंत्र किती वॅटचं? रोज किती तास चालणार? बॅटरी किती व्होल्ट, किती एएच, गाडीची की साठ्याची? आणि तिच्यातलं खरोखर किती वापरायचं? उत्तरं वहीत लिहा, तिथेच उभं राहून गुणाकार करा. नुसतं "दिवसभर चालेल" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. किती वॅटवर दिवसभर, ते लिहून द्या म्हणा.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावातला एक गट आमच्याकडे आला. त्यांनाही गाडी करायचीय. आक्कांनी त्यांना आधी चहा पाजला, मग वही काढली. म्हणाल्या, "बॅटरी म्हणजे रांजण. तुमचा रांजण केवढा आणि तहान केवढी, ते आधी बोला."

येते मी. पुढच्या भेटीपर्यंत, नमस्कार.